गावच्या रेडिओवर राजकारण नको? मग पोळ्याच्या झडत्यांचं काय करायचं?

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा):

काल इथंच एका गुरुजींनी लिहिलं की, गावोगावच्या सामुदायिक रेडिओनं शेती, आरोग्य, भजन आणि लोकगीतं एवढ्यावरच थांबावं. राजकारण शिरलं की संस्कृती नासते. खाली अंगठ्यांची ही रांग. अंगठे पाहूनच डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गुरुजी, नियम तुमच्याच बाजूनं आहे, हे आधी कबूल. २००६ च्या धोरणात साफ लिहिलंय की बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचं काही चालणार नाही. शंभर वॅटचं मशीन, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला, आणि त्यालाही हे कुलूप. १९९५ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंतांच्या खंडपीठानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. मालमत्ता जनतेची, पण तिच्यावरून कापसाच्या भावाबद्दल चार शब्द वाकडे बोलायचे नाहीत!

आता आमच्या भागातली गोष्ट ऐका. पोळ्याच्या दिवशी आमच्याजवळच्या एका रेडिओची पोरं गावात रेकॉर्डिंगला आली होती. आंब्याच्या पानांचं तोरण ताणलेलं, बैलांच्या शिंगांना बेगड, अंगावर झुली, आणि तोरणाखाली माणसं इरेला पेटून झडत्या म्हणतायत. झडती म्हणजे पोळ्याला म्हणायचं चिमटे काढणारं गाणं, ते तुम्हाला सांगायला नको. महादेव-पार्वतीनं सुरुवात, मग हळूच हमीभाव, मग पीकविमा, मग सरळ समोर उभ्या असलेल्या पुढाऱ्याच्या टोपीवर. मागून सगळ्यांचा 'हर हर महादेव'. तो पुढारीही हसत होता, नाइलाजानं का होईना. आठवड्यानं कार्यक्रम लागला तेव्हा महादेव-पार्वती राहिले होते. हमीभाव नाही, पीकविमा नाही, टोपी तर नाहीच. निवेदक म्हणतो, 'आपण ऐकल्या पारंपरिक झडत्या.'

ज्या झडतीत कोणाला चिमटा नाही ती कसली पारंपरिक? बरं, त्याच तासात 'योजनांची माहिती' म्हणून पंधरा मिनिटं साहेबांचं भाषण झालं. ते राजकारण नव्हतं म्हणे. सत्तेत असणाऱ्याचं बोलणं विकास आणि धुऱ्यावरच्या माणसाचं बोलणं राजकारण, हा हिशोब मला कोणीतरी समजावून सांगा.

रिटायर्ड_गुरुजी:

मी संस्कृती नासते असं म्हटलं नव्हतं, 'नासण्याचा धोका आहे' असं म्हटलं होतं. पुन्हा वाचावे.

बाकी आपल्या झडत्यांबद्दल आदर आहे. पण झडती तोरणाखाली पाच मिनिटं असते आणि बैल सुटले की संपते. रेडिओवर तीच झडती पंधरा गावांत जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा लागते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. एका पोरानं वर्गात दुसऱ्याच्या डब्यातली भाजी खायला नकार दिला, कारण त्याचे वडील विरुद्ध पॅनेलमध्ये होते. चौथीतलं पोर! गटातटांनी आधीच गावं पोखरली आहेत. एक जागा तरी अशी असू द्या जिथं दोन्ही पॅनेलची माणसं एकच भजन ऐकतील.

माजी_निवेदिका (वर्धा जिल्हा):

पऱ्हाटी भाऊ, तुम्ही माइकच्या अलीकडे कधी बसला नाहीत हे वाचताना कळतं. राग नका मानू.

मी अशाच एका केंद्रावर काही वर्षं होते. बचत गटाच्या बाया जात्यावरच्या ओव्या सांगायला यायच्या. आधी पदर तोंडाला, मग दहा मिनिटांत इतक्या मोकळ्या व्हायच्या की थांबवावं लागायचं. त्यातली एक बोलता बोलता म्हणाली, नळाचं पाणी सरपंचाच्या वस्तीत आधी पोचते, आमच्याकडे चिखल येते. मी ते कापलं नाही. पाणी हा काही पक्ष नाही, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा दारात उभा. ती बाई पुन्हा कधी आली नाही, आणि तिच्या गल्लीतल्या बाकीच्याही बंद झाल्या.

वरून तक्रार झाली तर पुरावा शोधायला कुठं जावं लागत नाही. प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचं बंधन आमच्यावरच आहे. तुम्ही म्हणता पोरांनी झडती कापली. परवाना गेला असता तर त्या पोरांचे पगार तुम्ही दिले असते का?

पऱ्हाटी:

ताई, म्हणजे बाईनं चिखलाचं पाणी प्यायचं, पण ओवीत फक्त पंढरपूर म्हणायचं. कळलं.

माजी_निवेदिका:

कळलं नाही तुम्हाला. तुमचं नाव पऱ्हाटी आहे, तिचं नाव गावाला माहीत आहे. एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

लाईट_पायजे:

राजेहो, तुम्ही राजकारण-संस्कृती करून राह्यले, पन आयकतो कोन अन् कवा? आमच्या फिडरले थ्री फेज लाईट रातच्याले येते. हरभऱ्याले ओलित कराचं तं रातभर वावरात. हातात ब्याटरी, खिशात मोबाईल, चिखलात पाय, कुठं साप हाये का रानडुक्कर, कोनाले ठाव. त्या टायमाले रेडिओची खरी गरज असते, अन् त्या टायमाले तुमचं स्टेशन घोरत असते!

आधी आकाशवाणीचं नॅशनल चॅनेल होतं. नागपुरातूनच, १५६६ किलोहर्ट्झ, हजार किलोवॅटचं. १९८८ पासून रातभर चालाचं. गानी, गझल, बातम्या, समदं. २०१८ च्या शेवटी बंद केलं. कोनं आंदोलन केलं? कोनीच नाई. रातच्याले जागनारा मानूस मोर्चाले कसा जाईन बाप्पा, तो दिवसा झोपते.

रिटायर्ड_गुरुजी:

हा मुद्दा योग्य आहे, मात्र विषयाला सोडून आहे.

लाईट_पायजे:

इषय तुमचा सुटला असन गुरुजी, माही तं मोटार सुटली हाये. जातो.

वैनगंगा_काठ (भंडारा):

मघापासून वाचतोय. 'आमची लोकगीतं', 'आमची ओवी', सगळं वऱ्हाडचंच. रेडिओ असो की टीव्ही, विदर्भ म्हटलं की अमरावती-अकोल्याची बोली आणि हास्यकवी. झाडीपट्टी नावाचा पूर्व विदर्भातला मुलूख आहे की नाही? आमच्याकडे भाऊबीज झाली की मंडई भरते, आणि तिथून होळीपर्यंत रोज रात्री कुठं ना कुठं नाटक. वडसा-देसाईगंजात कंपन्यांचे फलक लागतात, तिकीट काढून हजारो लोक थंडीत सकाळपर्यंत बसतात. सरकारी अनुदानावर नव्हे, तिकिटावर! यातलं किती तुमच्या सामुदायिक रेडिओवर ऐकलंत?

पऱ्हाटी:

भाऊ, नाटकाचा मान आहेच. पण हल्ली त्या नाटकात दर दोन प्रवेशांनी एक हिंदी गाण्यावरचा नाच घुसतो, तोही रेडिओवर लावायचा का? आमची दंडार, म्हणजे नाच-गाण्यांचा लोकप्रकार, तरी बरी.

वैनगंगा_काठ:

'आमची' दंडार? दंडार झाडीची आहे. खडीगंमत ही लोककलाही झाडीची. उद्या नागपूरची मारबतही यवतमाळची म्हणाल.

पऱ्हाटी:

आमच्याकडे कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, दिवाळीत दंडार होते. लहानपणापासून बघतोय. तुमची परवानगी घ्यायची राहून गेली, माफ करा.

वैनगंगा_काठ:

नाव एक म्हणून गोष्ट एक होत नाही. तुम्ही बघता ती वेगळी. बघण्यात आणि जाणण्यात फरक असतो, पण पोळ्याच्या तोरणाबाहेर डोकं काढलं तर कळेल ना.

मोझरी_वारी:

दोघंही जरा दमानं घ्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं अख्खा विदर्भ एका तालात बसवला होता, आणि तुम्ही दंडारीचा सातबारा काढून राहिले.

आणि गुरुजी, 'भजन म्हणजे राजकारण नाही' हे तुम्ही कोणाच्या नावानं म्हणता? १९४२ च्या चळवळीत तुकडोजी महाराजांना इंग्रजांनी तुरुंगात टाकलं होतं. आता त्याच भजनांना 'सात्त्विक कार्यक्रम' म्हणून पहाटे साडेपाचला लावतात.

तेंदूपत्ता (गडचिरोली):

दंडार कोलामांची की झाडीची यावर वऱ्हाडी आणि झाडीवाले भांडतायत, दोघांच्याही भांडणात गोंडीचा एक शब्द नाही. वाचून मजा आली.

माझ्या आजीला मराठी बातम्या निम्म्याच कळायच्या. रेडिओ लावायची ती गाण्यांसाठी. छत्तीसगडात २०१० ला सीजीनेट स्वर सुरू झालं, तेव्हा आमच्या नातेवाइकांनी पहिल्यांदा यंत्रातून गोंडी ऐकली. परवाना नाही, टॉवर नाही. मिस्ड कॉल द्यायचा, आपलं बोलणं रेकॉर्ड करायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही, आणि मध्येच कोणाचं तरी लग्नाचं गाणं. तिथं कोणी विचारलं नाही यातलं राजकारण कोणतं आणि संस्कृती कोणती.

आणि गुरुजी, आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाचं सांगा. २००९ ला गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ ला बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात आला. केंद्रीय मंत्री गावात येऊन देऊन गेले. समजा तिथं रेडिओ असता. ग्रामसभेत काय ठरलं हे सांगणं बातमी, चालू घडामोड, राजकारण, की 'पारंपरिक कार्यक्रम'?

रिटायर्ड_गुरुजी:

ग्रामसभेचा निर्णय सांगणे ही माहिती आहे. त्यावर कोण काय म्हणाले हे सांगणे राजकारण. सीमारेषा इतकी अवघड नाही.

तेंदूपत्ता:

निर्णय ठरतो तो कोण काय म्हणालं त्यावरूनच, गुरुजी. मेंढ्यात सर्वसहमतीनं ठरतं. एक जण जरी नाही म्हणाला तरी पुन्हा बसतात. तो एक जण कापला तर निर्णय कशाचा?

चंद्रपूरची_सून:

सीमारेषा सोपी म्हणता? आमच्या जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी झाली. त्यासाठी बायांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते. दारूबंदीची गाणी तेव्हा समाजप्रबोधन होती, कार्यक्रमाला साहेब लोक यायचे. २०२१ ला बंदी उठली. त्याच बायांनी तीच गाणी म्हटली तर आता ते सरकारविरोधी. गाणं तेच, चाल तीच. मला त्या वर्षी एका कार्यक्रमातून 'यंदा दुसरं काही म्हणा ना ताई' असा निरोप आला होता. मी भुलाबाईचं गाणं म्हटलं. त्यातही सासू वाईट असल्यानं कोणीतरी नाराज झालंच.

मोझरी_वारी:

शेवटचं वाक्य वाचून चहा सांडला.

शहरी_पाहुणा (पुणे):

बाहेरचा आहे, तरी बोलतो. अमेरिकेत बर्कलेचं केपीएफए हे रेडिओ केंद्र १९४९ पासून श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं. राजकारण, संगीत, वाद, सगळं. नेपाळात रेडिओ सगरमाथा १९९७ पासून चालतो, बातम्याही देतो. आपल्याकडेही रेडिओवरच्या बातमीबंदीविरुद्ध 'कॉमन कॉज' या संस्थेनं २०१३ ला सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. पैसा स्वतःचा असेल तर बोलणंही स्वतःचं होतं.

माजी_निवेदिका:

वर्गणी! दादा, आमच्या गावात गणपतीची वर्गणी मागायला पोरं येतात तर लोक आतून कडी लावतात.

पैशाचं मात्र खरं आहे. आमचं केंद्र सरकारी जाहिरातींवर तगून होतं. २०२४ ला नियम सैल केले, जाहिरातीला तासाला सातऐवजी बारा मिनिटं, आणि सरकारी जाहिरातीचा दहा सेकंदांचा दर ५२ वरून ७४ रुपये. चांगलं झालं. पण ज्याच्या ७४ रुपयांवर दिवा जळतो, त्याच्या टोपीवर झडती लावायची हिंमत कोण करणार? हे पऱ्हाटी भाऊंच्या बाजूनं जातं, मला माहीत आहे. जाऊ द्या, लिहिलंय तर लिहिलंय.

पऱ्हाटी:

स्क्रीनशॉट काढून ठेवला ताई.

आणि गुरुजी, रेडिओवर बंदी ही काही नवी गोष्ट नाही. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमच चालू दिली नव्हती. हार्मोनियम! पेटीशिवाय भजन ऐकलंय का तुम्ही? १९५२ नंतर केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना सिनेमाची गाणी हद्दपार झाली. लोक भक्तिगीतांकडे वळले का? नाही, सरळ रेडिओ सिलोन लावलं. आता राजकारण नको म्हणता, तर लोक व्हॉट्सअ‍ॅप लावतात. तिथं चौथीतल्या पोराच्या बापाला काय काय येतं ते पाहा जरा. तिथं तीन महिन्यांचं रेकॉर्डही नाही आणि तक्रारीला पत्ताही नाही.

रिटायर्ड_गुरुजी:

व्हॉट्सअ‍ॅपचा मुद्दा मान्य करावा लागतो. आमच्या पेन्शनरांच्या ग्रुपवर जे येते त्यापेक्षा तुमच्या झडत्या निश्चितच सभ्य आहेत.

ग्रामसभेचे पूर्ण रेकॉर्डिंग, न कापता, दोन्ही पॅनेलच्या समक्ष लावावे, याला माझी हरकत नाही. परंतु निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत बंद. आणि पुढाऱ्याच्या टोपीवर जायचे असेल तर सर्व पुढाऱ्यांच्या टोप्या घ्याव्यात.

पऱ्हाटी:

टोप्यांचा साठा भरपूर आहे गुरुजी, काळजी नका करू.

माजी_निवेदिका:

तुमचं दोघांचं जमलं, छान झालं. आता पहिली नोटीस आली की उत्तर कोण लिहिणार ते ठरवा. संस्थेच्या अध्यक्षांची सही लागते, आणि आमच्या अध्यक्षांचा भाचा पंचायत समितीला उभा होता.

लाईट_पायजे:

मोटार लावून आलो. अजून बोलूनच राह्यले का? ग्रामसभा लावा नाई तं झडती लावा, पन बारा वाजल्यानंतर लावा. अन् त्या मोबाईलमंदी एफएम चालू कराले इअरफोनचं वायर लावा लागते, ते चिखलात पडते. त्याच्यावर कोनी बोलतच नाई.

वैनगंगा_काठ:

आणि दंडार झाडीचीच आहे.