टाळेबंदीत दादाची दारू सुटली होती की नुसती थांबली होती?

प्रश्न – धाकटी बहीण, सातारा जिल्हा

माझ्या थोरल्या भावाचा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय आहे. महासाथीच्या आधीही तो पीत असे, पण लग्नसराईत काम उरकल्यावर कामगारांबरोबर बसण्यापुरतेच, असा आमचा समज होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, दारूची दुकाने बंद झाली आणि निदान यानिमित्ताने तरी याची सुटेल म्हणून आईने देवापुढे साखर ठेवली. तिसऱ्या रात्री त्याचे हात इतके थरथरू लागले की पाण्याचे भांडे तोंडापर्यंत नेता येईना, आणि पहाटे तो भिंतीवर मुंग्या आल्या आहेत असे म्हणत उशीने भिंत झाडत होता. कोरोनाचा ताप डोक्यात गेला, असे आम्हाला वाटले. चार-पाच दिवसांनी तो सावरला आणि पुढचा महिनाभर खरोखरच प्यायला नाही.

मे महिन्यात दुकाने उघडल्यावर आठवड्याभरातच पिणे पुन्हा सुरू झाले. फरक इतकाच, की आता तो कोणाबरोबर बसत नाही. घरामागच्या गोदामात, घड्या घालून ठेवलेल्या कनातींच्या थप्पीवर एकटाच बसून स्टीलच्या पेल्यातून पितो. २०२१ च्या एप्रिलमध्ये लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास असा नियम आला, तेव्हा मंडप घालणार कोण? त्याच महिन्यात आमचे वडील कोरोनाने गेले. आता धंदा पूर्वीसारखा चालतो, कर्जही बरेचसे फिटले आहे, तरी पेला काही सुटत नाही. कारण संपल्यावरही व्यसन का संपत नसावे? आणि ज्याने एकदा महिनाभर सोडून दाखवली, त्याला ती आता का सोडता येऊ नये? घरात सगळे म्हणतात, त्याची इच्छाच नाही.

उत्तर – व्यसनमुक्ती केंद्रातील निवृत्त समुपदेशक

ताई, तुमच्या भावाने दारू सोडली नव्हती, त्याला ती मिळत नव्हती. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि सरकारपासून घरच्यांपर्यंत सगळ्यांनीच त्या वेळी ते ओळखण्यात चूक केली. ज्याच्या शरीराला रोजच्या दारूची सवय झालेली असते, त्याची ती अचानक बंद झाली की काही तासांतच थरथर, घाम आणि अस्वस्थता सुरू होते, कोणाला फिट येते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना नसलेले दिसू-ऐकू लागते. आमच्या क्षेत्रात या शेवटच्या अवस्थेला ‘डीटी’ म्हणतात. भिंतीवरच्या मुंग्या हे तिचे अगदी ओळखीचे लक्षण आहे, आणि उपचार न झाल्यास ती जिवावर बेतू शकते. तो निभावला हे तुमचे नशीब. शिवाय केवळ कामगारांबरोबर अधूनमधून बसणाऱ्याला सहसा असे होत नाही. याचा अर्थ तो तुम्हाला दिसत होता त्याहून बराच अधिक आणि बहुधा रोज पीत होता.

हे केवळ तुमच्या घरात घडले असेही नाही. केरळात टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्या. तेव्हा तिथल्या सरकारने डॉक्टरांची चिठ्ठी असणाऱ्यांना दारू देण्याचा आदेश काढला, त्याला डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि उच्च न्यायालयाने तो काही दिवसांतच स्थगित केला. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे एप्रिल २०२१ मध्ये दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन सात जणांचा मृत्यू झाला. मे २०२० मध्ये महाराष्ट्रात घरपोच दारूला परवानगी मिळाली, तेव्हा महसुलाचा हिशेब मांडला गेला. बारमध्ये चारचौघांत होणारे पिणे घरात शिरले, तर ते मोजणार कोण, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. बाटली मोजणारा बारवाला आणि ‘आता पुरे’ म्हणणारा मित्र, हे दोन्ही अडथळे त्या काळात एकदमच नाहीसे झाले.

एक विनंती आग्रहाने करतो. देवाची शपथ घालून किंवा बाटल्या ओतून देऊन त्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नका. बंद करायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

उत्तर – तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर

वरील मत मला मान्य आहे, पण ते दारूपाशीच थांबते. मूळ प्रश्नात वडिलांचे जाणे एका ओळीत आले आणि त्यावर पुढे कोणीच बोलले नाही. दुसऱ्या लाटेत गेलेल्या माणसांच्या घरच्यांना मी वर्षानुवर्षे तपासत आलो आहे. ज्यांना अखेरचे तोंडही पाहता आले नाही, ज्यांच्या घरी दहाव्याला चार माणसे जमू शकली नाहीत, त्यांच्यापैकी कितीतरी जण छातीत धडधडते, भूक नाही, पहाटे तीनला जाग येते अशा तक्रारी घेऊन येतात. दुःखाचा उच्चार कोणी करत नाही. बाहेरची सारी कारणे संपली असली, तरी हे कारण संपलेले नसू शकते. दारूने सुरुवातीला झोप लागते, पण तीच झोप पहाटे मोडते, चिंता वाढवते, आणि दुसऱ्या रात्री अधिक दारू लागते. उदासीमुळे दारू आणि दारूमुळे उदासी, असे ते चक्र असल्याने एकाच बाजूवर उपचार करून क्वचितच भागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले, की महासाथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात व्यवसाय करणाऱ्यांच्या आत्महत्या २०१९ मध्ये ९,०५२ होत्या, त्या २०२० मध्ये ११,७१६ झाल्या. या प्रत्येकामागे महासाथच होती असे आकडा सांगत नाही, पण मंडपवाल्यासारख्या माणसाच्या बाबतीत तो नजरेआड करणेही योग्य नाही. म्हणून भावाला एकदा सरळ विचारा, की मरणाचे विचार मनात येतात का. विचारल्याने ते विचार डोक्यात घातले जात नाहीत. आणि उत्तर होय असेल, तर त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी मदतवाहिनीची १४४१६ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य सुरू आहे, आणि त्यावर मराठीत बोलता येते.

उत्तर – नऊ वर्षे दारूपासून दूर

इच्छा नाही हे घरच्यांचे वाक्य मी स्वतः पुष्कळ ऐकले आहे, म्हणून लिहितो. टाळेबंदी लागली तेव्हा मला सोडून बरीच वर्षे झाली होती, तरी दारू सोडलेल्यांच्या आमच्या गटाच्या बैठका बंद पडल्यावर मी पुरता हादरलो. बैठका मोबाइलवर सुरू झाल्या, पण निम्म्या चौकटी काळ्या असत, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा हात खांद्यावर पडण्याने जे मिळायचे ते काही मिळेना. २०२० च्या पावसाळ्यात मीही घसरलो. हल्लीची नऊ वर्षे त्या घसरणीच्या नंतरची नव्हेत, तर ती वगळून इतर साऱ्या काळाची बेरीज आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. मला त्या वेळी दारू हवी होती असेही नाही. संध्याकाळचे सात ते दहा संपायला हवे होते. तुमचा भाऊ गोदामात जाऊन बसतो तो काही केवळ लपण्यासाठी नसावा. तिथे त्याचे त्या काळात थांबलेले काम आहे. त्याला कोणीतरी त्याच वेळी तिथे जाऊन भेटावे, उपदेश न करता.

प्रश्नकर्तीचे पुन्हा निवेदन

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मी गोदामात गेले. दादा म्हणाला, “इथे कुबट वास येतो, तू घरात बस.” पण मी बसले. बऱ्याच वेळाने त्याने आपणहून सांगितले, की वडील गेले तेव्हा त्यांच्या दहाव्याचा मांडव घालता आला नाही. गावातल्या सगळ्यांच्या दारात घातला, आपल्याच दारात नाही. डॉक्टरांनी सुचवलेला प्रश्नही मी विचारला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, की आता नाही, पण तेव्हा यायचे. दारूसाठी डॉक्टरांकडे येणार नाही, असे त्याने स्वच्छ सांगितले आहे, मात्र झोपेच्या तक्रारीसाठी गुरुवारी यायला तो तयार झाला आहे.