नवऱ्याचा काढा मी उकळायचा का?

वऱ्हाडची_सून

आडपडदा न ठेवता लिहिते. नवऱ्याला गालाचा कॅन्सर निघालाय. डावा गाल, आतून. बायॉप्सी झाली, स्कॅन झाला, मानेत गाठी दिसत नाहीत. सर्जन म्हणाले, लवकर सापडलंय, ऑपरेशन करून मोकळे व्हा. हे घरी आले आणि म्हणाले, चिरफाड करायची नाही. मग कोणीतरी सांगितलेल्या जडीबुटीवाल्याच्या पुड्या आल्या. सोबत गुळवेल-कडुलिंबाचा काढा, गव्हांकुरांचा रस, साखर बंद, आणि मोबाईलवर "लक्ष्मणफळ केमोच्या हजारपट जोरदार" छापाचे मेसेज. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सुटला, एवढंच काय ते पदरात पडलं.

हा काढा पहाटे उठून मीच उकळत होते. आता बंद केलाय. सासूबाई म्हणतात, नवऱ्याच्या दुखण्यात अडून बसणारी बायको पहिल्यांदाच पाहिली. दीर म्हणतात, वहिनी, विश्वास ठेवावा लागतो. माझं म्हणणं असं की पेला माझ्या हातून गेला की यांना वाटतं, हिलाही पटलंय. घरातल्या प्रत्येकाला तसंच वाटतं. मला ते पटलेलं नाही, मग हाताने का सांगू?

टाटामधल्या डॉक्टरांनी तोंडाच्या लवकरच्या कॅन्सरवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. त्यात मूळ गाठ सगळ्यांचीच काढली होती. फरक एवढाच, की एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी त्याच वेळी काढल्या आणि दुसऱ्या गटाच्या, पुढे तिथे रोग दिसला तरच. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५. नुसत्या मानेपुरतं थांबण्याची ही किंमत, आणि आम्ही तर गाठच तोंडात ठेवून काढा पितोय.

जोडीदाराच्या कलाने घ्यावं असं सगळे सांगतात. मला ते मान्य नाही. तुम्ही सांगा.

निवांत_सांगलीकर

ताई, उकळून द्या. राग मानू नका, पण तुमचं हे अडून बसणं चुकतंय असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही नाही उकळलात तर सासूबाई उकळतील. काढा चालूच राहणार, फक्त तुम्ही त्या खोलीच्या बाहेर पडाल. आजारी माणूस कोणाचं ऐकतो? जो जवळ बसलाय त्याचं. उद्या तोंड उघडायला त्रास व्हायला लागला, पांढरा चट्टा वाढला, तर तो आधी कोणाला सांगणार? काढा देणाऱ्याला. ती जागा सोडू नका.

दुसरं, शरीर त्यांचं आहे. शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाची संमती दुसऱ्या कोणाला देता येत नाही, अगदी घरच्यांनाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलंय. तुमच्या सहीवर कोणी त्यांना टेबलावर घेणार नाही. शेवटी "हो" त्यांनाच म्हणायचंय आणि अबोला धरून ते येत नसतं.

खडा_मसाला

सांगलीकर, हे "जवळ बसा" प्रकरण ऐकायला गोड आहे. किती महिने बसायचं ते पण सांगा. गाठ वाट बघत नाही.

क्रिकेटपटू आणि नेते नवज्योतसिंग सिद्धूंचं आठवतंय ना? नोव्हेंबर २०२४. पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर लिंबूपाणी, हळद, कडुलिंब आणि साखर बंद करून गेला, असं पत्रकार परिषदेत सांगून मोकळे. त्या बाईंची ऑपरेशनं आणि केमो झाली होती हे मात्र कोणी फॉरवर्ड केलं नाही. टाटाच्या आजी-माजी २६२ डॉक्टरांना सही करून पत्रक काढावं लागलं की याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. नंतर सिद्धूंनी सांगितलं, आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होता. तोवर आमच्या सोसायटीत तीन घरांनी कडुलिंबाच्या फांद्या तोडल्या होत्या.

तिथेही नवराच होता. प्रेमापोटीच बोलला असेल. पण जोडीदाराचं प्रेम असं बोलतं तेव्हा ऐकणारे मरू शकतात. ताई, तुम्ही बरोबर आहात. उकळू नका.

मातीची_ओढ

इथे सगळे आधीच निकाल लावून बसलेत. तुमची ती औषधं येतात कुठून? सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातून कॅम्प्टोथेसिन, त्याच्यापासून केमोची औषधं बनतात, म्हणून तर सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडे त्याची चोरटी तोड होते. झाडात गुण आहे हे कंपन्यांना कळतं आणि आपल्या माणसाने काढा घेतला की तो अडाणी?

आणि उपचार घेऊन सगळे वाचतात का? आर. आर. आबा २०१५ मध्ये तोंडाच्याच कॅन्सरने गेले. त्यांना कोणत्या उपचारांची कमी होती? ताईंच्या मिस्टरांना त्यांच्या मार्गाने जाऊ द्या. मनाची ताकद ही पण काही गोष्ट असते.

खडा_मसाला

मग त्याच तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २००४ मध्ये झालेले शरद पवार २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात भर पावसात भाषण करत होते. आता? एकेका माणसावरून काही ठरत नाही, माझ्याही उदाहरणावरून नाही.

सदाफुलीचं म्हणाल तर तिच्या टनभर पाल्यातून चिमूटभर औषध निघतं. ते शिरेतून द्यायचं, वजन-उंचीवरून मोजून. जरा जास्त झालं की नसा जातात. झाडात गुण आहे म्हणूनच तर पाला चावत बसायचं नाही.

वैद्य_परसबाग

मी आयुर्वेदाचाच पदवीधर, वीस-एक वर्षं दवाखाना आहे, म्हणून दोन शब्द.

सुश्रुतसंहितेत अर्बुदाची, म्हणजे अशा गाठीची, चिकित्सा वाचा. शस्त्राने काढताना जराही शेष ठेवू नये, ठेवलं तर ते लवकर पुन्हा उद्भवतं, असं तिथे सांगितलेलं आहे. म्हणजे "आपलं शास्त्र चिरफाड सांगत नाही" हा समज आपल्याच ग्रंथाला धरून नाही. काढता येण्याजोगं अर्बुद मी कधीही काढ्यावर ठेवणार नाही.

गुळवेलीबद्दल: २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला सूज आल्याचं मांडलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नीट ओळखली गेली का असा प्रश्न केला. तो वाद बाजूला ठेवा. ऑपरेशनच्या आधी यकृताची तपासणी बिघडलेली आली तर भूल देणारे डॉक्टर तारीख पुढे ढकलतील, हे तरी कोणी नाकारणार नाही. आणि काढ्यापेक्षा मला त्या पुड्यांची काळजी आहे. त्यावर घटक, उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक काही आहे का? नसेल तर पुडी उघडूही नका. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपचारांविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे. सत्तर वर्षं झाली, भिंती अजून रंगतात ते सोडा.

निवांत_सांगलीकर

वैद्यबुवांशी सहमत, पुडी बंद. पण काढ्यावरून अबोला नको, हे माझं कायम.

आकडेमोड

या वादाला उपयोगी असे दोन अभ्यास आहेत, दोन्ही अमेरिकेतल्या येलच्या डॉक्टरांचे, २०१८ मध्ये छापलेले. पहिल्यात नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. (स्तन, फुफ्फुस, मोठं आतडं आणि प्रोस्टेट एवढेच कॅन्सर होते. तोंडाचा नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर मातीची_ओढ मला पकडतील.)

दुसरा जास्त रंजक आहे. त्यात नेहमीचे उपचार आणि सोबत पूरक काहीतरी, असे रुग्ण होते. त्यांचाही धोका दुप्पट आला. का? कारण त्यांच्यातले जास्त लोक पुढचं ऑपरेशन, केमो किंवा रेडिएशन नाकारत होते. ते नाकारणं हिशेबात धरलं की फरक उरत नाही. पूरक गोष्टींनी माणसं मेली असं त्यातून निघत नाही, राहिलेल्या उपचारांनी मेली असं निघतं.

त्यामुळे मी सांगलीकरांच्या बाजूने. भांडण काढ्याशी करू नका, ऑपरेशनच्या तारखेसाठी करा.

वऱ्हाडची_सून

आकडेमोड, तुमचा हिशेब समजला. पण माझ्या घरात काढा आणि नकार वेगळे नाहीत. "काढा चालू आहे ना, मग बघू पुढच्या महिन्यात", हे वाक्य मी रोज ऐकते. काढा नसता तर यांना "मी काहीच करत नाही" हे मान्य करावं लागलं असतं. काढ्यामुळे काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि तारीख पुढे जाते. म्हणून मी तिथेच अडवते.

आणि सांगलीकर, अबोला नाही धरला हो. भाकरी मऊ करून देते, वरणात भिजवून देते. काढा नाही देत.

अर्धा_गाल

मी रुग्णाच्या बाजूचा आहे. उजवा गाल, जबड्याच्या हाडाचा तुकडा, मानेतल्या ग्रंथी, सगळं गेलं. नंतर रेडिएशन. टोपणनाव हौसेने घेतलेलं नाही.

इथे सगळे काढ्यावर तुटून पडलेत. ताई, तुमच्या मिस्टरांना कडुलिंबाचं प्रेम उतू जातंय असं मला वाटत नाही. त्यांनी ओपीडीच्या बाकावर समोर बसलेला माणूस पाहिला असणार. ज्याच्या गालाला छातीची कातडी लावलेली, नाकात नळी, रुमालाने लाळ पुसतोय. मी पण पाहिला होता. त्यानंतर डॉक्टर काय बोलले ते मला ऐकूच आलं नाही. घरी येऊन मी पण म्हणालो होतो, चिरफाड नको. "मला माझ्या तोंडाची भीती वाटते" हे आपल्याकडचा पुरुष बायकोला सांगत नाही. "ॲलोपॅथीवर विश्वास नाही" हे सोपं पडतं.

माझ्या बायकोने काढा दिला की नाही हे मला खरंच आठवत नाही. तिने विचारलं होतं, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते? ऑपरेशनची, भुलेची, पैशाची, की आरशाची? मी म्हणालो, आरशाची. मग ती सर्जनकडे एकटी गेली आणि यादी करून आली. गालाचा किती भाग काढणार? हाड जाणार का? जागा कशाने भरणार, छातीच्या स्नायूने की हाताच्या मनगटाकडच्या कातडीने? ओठाचा कोपरा राहणार का? तोंड किती बोटं उघडेल? बोलणं शिकवणारे कोणी आहेत का? लहान गाठीत आणि मोठ्या गाठीत यातलं जवळजवळ प्रत्येक उत्तर बदलतं. लवकरच्या टप्प्यात हाड बऱ्याचदा वाचतं. थांबला तर ज्या चेहऱ्याला घाबरतोय तोच मिळेल, हे मला माझ्या भाषेत कोणीतरी सांगायला हवं होतं. तिने सांगितलं.

मी आज जेवतो, तिखट झेपत नाही. फोनवर माझं बोलणं लोकांना दोनदा विचारावं लागतं. लग्नाच्या फोटोत मी डावीकडून उभा राहतो. चाललंय.

रातराणी_८२

अर्धा_गाल, नमस्कार तुम्हाला.

माझं वेगळं आहे. माझ्या नवऱ्याचा स्वादुपिंडाचा कॅन्सर सापडला तोच यकृतात पसरलेला. दोन केमोनंतर तो म्हणाला, बास. मी थांबवलं. नातेवाइकांनी मला मारेकरी ठरवायचंच बाकी ठेवलं. त्याला ताक हवं होतं, आवळा हवा होता, एका वैद्यांचं चूर्ण हवं होतं. सगळं दिलं. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या मात्र पॅलिएटिव्ह केअरच्या (वेदना-त्रास कमी करणाऱ्या) डॉक्टरांकडून घेतल्या, त्यात हयगय नाही.

म्हणून "उकळा" आणि "उकळू नका" दोन्ही बाजूंचा मला राग येतो. माझ्या घरात पुढे काही हाती लागणार नव्हतं, तिथे त्याच्या मनासारखं करणं बरोबर होतं. ताईंच्या घरात हाती लागण्यासारखं आहे. तिथे मी पण उकळला नसता.

मातीची_ओढ

रातराणीताईंचं पटलं. बाकी माझं मत तेच. भीती दाखवून होकार काढणं हे पण बरोबर नाही, अर्धा_गाल साहेब.

अर्धा_गाल

भीती आधीच होती. तिने फक्त कुठली खरी आणि कुठली खोटी ते निवडून दिलं.

वऱ्हाडची_सून

काल रात्री विचारलं. आरसा नाही म्हणाले. खर्चाचं म्हणाले. पोरीच्या कॉलेजचे पैसे मोडावे लागतील म्हणून काढ्यावर निभावत होते म्हणे. मला धड रागवताही येईना. सासूबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

काढ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, सांगलीकर. पण कोणी महात्मा फुले योजनेबद्दल सांगाल का? आमचं रेशन कार्ड केशरी आहे.

निवांत_सांगलीकर

मतं राहू द्या. योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन बसतं. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का ते आधी पाहा. आत शिरल्यावर आरोग्यमित्राचं टेबल असतं, बिलिंगच्या खिडकीवर जाण्याआधी त्याच्याकडे जा. आधी पैसे भरून मग योजना मागितली की घोळ होतो. तुम्हाला नागपूर जवळ, तिथे तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट) आहे, दोन्हीकडे विचारा. रेशन कार्ड आणि आधारवर नाव एकसारखं आहे ना ते आजच बघा. आणि बायॉप्सीचा नुसता रिपोर्ट नको, तपासलेल्या तुकड्याची स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही पहिल्या लॅबमधून सही करून मागून घ्या. नाहीतर तेवढ्यासाठी परत फेरी पडते.