सात रॉड आणि एक मासा: ‘दुकान पकडणाऱ्यां’ची बाजू

ट्रिनिटीकाठी (डॅलस), धागाकर्ता

‘परदेशातले महागडे छंद’ या धाग्यावर खाडीकाठ यांनी काल लिहिलं: ‘बासवाले (अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या बास माशामागे लागणारे) मासे पकडत नाहीत, दुकानं पकडतात. एका माशासाठी सात रॉड, आणि मिळाला की फोटो काढून परत पाण्यात. आमच्याकडे तंगूस (हातात धरायची गळाची दोरी), गळ आणि जिवंत कोलंबी एवढ्यावर जिताडा (खाडीतला मोठा मासा) येतो आणि संध्याकाळी ताटात असतो.’ खाली +१ ची रांग लागलीय. तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

सात रॉड असतात. नाकारत नाही. पण आमच्या टेक्सासमधल्या लेक फोर्कवर एकदा येऊन बघा. १९८० साली धरण झालं तेव्हा बरीचशी झाडं न तोडता तशीच बुडवली, ती अजून पाण्यात उभी आहेत. बास त्या खोडांच्या सावलीत दबा धरून बसतो. तो पाठलाग करत फिरणारा मासा नाही, समोरून काही गेलं की झडप घालणारा आहे. तिथे उघडा गळ टाकलात तर पहिल्याच फेकीत लाकूड लागेल. म्हणून टेक्सास रिग: पुढे गोळीच्या आकाराचं वजन, मागे प्लास्टिकचा किडा, आणि गळाचं टोक त्या किड्याच्या अंगातच लपवलेलं. मासा चावला, तुम्ही हिसका दिला, की टोक बाहेर येतं. त्याला ताठ रॉड लागतो, नाहीतर टोक प्लास्टिकच्या बाहेरच पडत नाही.

आता त्याच रॉडवर क्रँकबेट (ओढलं की पाण्याखाली डुलत जाणारा नकली मासा) लावा. त्याला छोटे तिहेरी गळ असतात. ताठ रॉडने हिसका दिलात की ते माशाच्या तोंडातून फाटून निघतात. तिथे लवचीक, शक्यतो फायबरग्लासचा रॉड हवा. पृष्ठभागावर फुदकणारं लुअर (नकली आमिष) असेल तर साधी मोनो (एकपदरी नायलॉन) लाइन, कारण ती तरंगते. फ्लुरोकार्बन बुडते, ती त्या लुअरचं नाक खाली ओढते. दाट वेलीत ब्रेडेड (विणलेली) लाइन, ती ताणली जात नाही आणि वेल कापत येते. यात दुकानदाराची लबाडी कुठे आहे? एवढं मान्य, की लुअरचे रंग माशापेक्षा गिऱ्हाईक पकडायला रंगवलेले असतात. गढूळ पाण्यात काळा-निळा आणि नितळ पाण्यात हिरवट एवढ्यावर माझं भागतं.

आणि आवड म्हणाल तर ती इथेच आहे. जिवंत कोलंबी मासा खाणारच, त्याला भूक आहे. मी प्लास्टिक टाकतो. ते त्याला खरं वाटलं पाहिजे. पाणी किती अंश, वारा कुठून, तो आत्ता खोडाशी असेल की वेलीच्या कडेला, हे सगळं मी डोक्यात जुळवतो, आणि लाइनवर तो बारीकसा ‘टक्’ आला की कळतं, जुळलं. हे ज्याला एकदा लागलं त्याला ताटातल्या माशाचं कौतुक सांगू नका.

खाडीकाठ (रेवदंडा)

आमच्यासाठी स्वतंत्र धागा! धन्य झालो.

एवढं वाचून मला एकच कळलं, की मासा हुशार आहे आणि त्याला फसवायला तुम्हाला महिन्याचा पगार लागतो. तुमच्याच देशातलं उदाहरण देतो. २ जून १९३२, जॉर्जिया, जॉर्ज पेरी नावाचा विशीतला शेतकरी पोरगा. मंदीचे दिवस. त्याच्याकडे आणि मित्राकडे मिळून एक रॉड आणि एकच लुअर होतं असं सांगतात. त्यावर २२ पौंड ४ औंसांचा बास काढला. जागतिक विक्रम, तुमच्या सात रॉडवाल्यांना अजून मोडता आलेला नाही. आणि त्या माशाचं त्याने काय केलं? घरी नेऊन खाल्ला. शहाणा माणूस.

माझा बाप तंगूस लाकडाला गुंडाळून न्यायचा. पागाने (फेकजाळ्याने) कोलंबी काढायची, उघाडीजवळ (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) भरतीच्या तोंडाला बसायचं. रॉड नाही, रील नाही, लाइन बोटात. मासा नुसता नाक लावून गेला तरी बोटाला कळतं. तुमचा तो ‘टक्’ आम्हाला फुकटात मिळतो.

ट्रिनिटीकाठी

पेरीने लुअरवर पकडला, गांडुळावर नव्हे. म्हणजे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. आभारी आहे.

बिवाकाठ (ओत्सू, जपान)

अर्धीच गोष्ट चाललीय. पेरीच्या विक्रमाची बरोबरी २००९ साली मानाबू कुरिता यांनी आमच्या बिवा सरोवरात केली. त्यांचा मासा जवळपास एक औंस जडच होता, पण नवा विक्रम धरायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांच्या नावावर. आणि कुरितांनी तो पकडला जिवंत ब्लूगिल (छोटा अमेरिकन मासा) लावून. सात रॉडवाल्यांनी नोंद घ्यावी.

खाडीकाठ

दंडवत घ्या बिवाकाठ. आता बोला डॅलस.

सेंटक्लेअरवाली (डेट्रॉईट)

मी इथे भांडायला आले नव्हते, पण ट्रिनिटीकाठींच्या पूर्ण धाग्यात स्पिनिंग रॉडचा (स्थिर स्पूलच्या रीलवाल्या रॉडचा) उल्लेख एकदाही नाही, हे बघून राहवेना. टेक्सासवाल्यांना बेटकास्टर (फिरत्या स्पूलचं रील) म्हणजे मिशांना पीळ. आमच्या मंडळाच्या सहलीला एकाने मला सरळ सांगितलं, ‘स्पिनिंग बायकांचं आणि मुलांचं.’ हे म्हणताना तो स्वतःच्या रीलवरचा गुंता सोडवत बसला होता. वाऱ्याच्या विरुद्ध हलकं लुअर फेकायला गेला, स्पूल लाइनपेक्षा जोरात फिरला, घरटं झालं. तोवर मी ड्रॉपशॉटवर (खाली वजन, वर गळ) दोन स्मॉलमाउथ (लहान तोंडाचे बास) काढून सोडले होते.

सेंट क्लेअर सरोवराचं पाणी काचेसारखं. तिथे तुमची जाड लाइन आणि अर्ध्या औंसाची गोळी बघून मासा हसतो. पातळ ब्रेडेड, पुढे फ्लुरोकार्बनचा लीडर (गळाकडचा तुकडा), चिमूटभर वजन. हे स्पिनिंगशिवाय नीट फेकताच येत नाही.

ट्रिनिटीकाठी

ताई, स्पिनिंग वाईट असं मी कुठे म्हटलंय? लार्जमाउथबद्दल, म्हणजे मोठ्या तोंडाच्या बासबद्दल लिहीत होतो. बुडालेल्या झाडीतून आठ पौंडांची मादी स्पिनिंगवर ओढून दाखवा, मग बोलू.

सेंटक्लेअरवाली

‘दाखवा मग बोलू.’ हेच ते. चालू द्या.

मुळशीकर

तुम्ही टेक्सास आणि जपानच्या गप्पा मारा. इथे पुण्याच्या आसपास कुठल्याही धरणावर गळ टाका, तिलापिया. परत टाका, तिलापिया. लहानपणी काकांबरोबर जायचो तेव्हा खडस, खवले मासे मिळायचे. आता आफ्रिकेतून आलेला मांगूर आणि तिलापिया. महाशीर बघायचा तर देवाच्या डोहात नाहीतर लोणावळ्याला वलवणच्या हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात), जिथे टाटांनी सत्तरच्या दशकापासून महाशीराची पिल्लं वाढवली. आणि काठावर बसलं की ठेक्याचा माणूस येऊन पैसे मागतो. पावती मागितली की रागावतो. त्यावर कोणी धागा काढत नाही.

बिवाकाठ

मुळशीकर, तुमचं दुखणं आमच्याकडे येऊन बघा. इथे बासच तुमचा तिलापिया आहे. १९२५ साली एका उद्योगपतीने अमेरिकेतून आणून हाकोनेजवळ आशी सरोवरात सोडला, तिथून देशभर पसरला. ब्लूगिलची कथा तर आणखी भारी. १९६० मध्ये तेव्हाचे युवराज आकिहितो अमेरिकेला गेले, शिकागोच्या महापौरांनी भेट दिले, त्यांनी संशोधनासाठी आणले. सम्राट झाल्यावर २००७ साली याच बिवाकाठी त्यांनी जाहीरपणे खंत व्यक्त केली.

परिणाम असा की शिगा प्रांतात बास पकडल्यावर परत पाण्यात सोडायला नियमाने बंदी आहे. काठावर पेट्या ठेवलेल्या असतात, मासा त्यात टाकायचा. २००५ पासून देशाच्या कायद्यातही तो उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत आहे. तेव्हा ‘सोडणारा सभ्य, खाणारा रानटी’ हे सूत्र टेक्सासपुरतंच ठेवा. बास तळून मस्त लागतो. पांढरं मांस, कातडी मात्र काढायची, वास तिथेच असतो.

खाडीकाठ

आता खरा मुद्दा आला. टॅकल मरो. माझा प्रश्न साधा आहे: खायचा नसेल तर त्याच्या तोंडात गळ कशाला घालता? भूक असेल तर मारणं समजतं. तुम्ही त्याला पंधरा मिनिटं दमवता, वर काढता, जबड्याला धरून फोटो काढता आणि ‘निसर्गप्रेमी’ म्हणवता. ही करमणूक झाली. निदान तसं म्हणा तरी.

ट्रिनिटीकाठी

पंधरा मिनिटं बासला लागत नाहीत, दोन मिनिटांत बोटीत येतो. जिताड्याशी गल्लत होतेय.

आणि सोडणं ही कोणाची हौस म्हणून सुरू झालेली गोष्ट नाही. रे स्कॉट यांनी १९६७ साली आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा भरवली, तेव्हा स्पर्धेतले मासे दोरीत ओवलेले, मेलेले यायचे. १९७२ मध्ये त्यांनीच ‘पकडलेला मारू नका’ ही मोहीम काढली, मग बोटींत हवा खेळवलेल्या टाक्या आल्या. माझ्या तलावावर, म्हणजे लेक फोर्कवर, १६ ते २४ इंचांमधला बास सोडावाच लागतो, त्याहून मोठा दिवसाला एकच ठेवता येतो. १३ पौंडांवरची मादी मिळाली तर जानेवारी ते मार्चमध्ये ती सरकारी हॅचरीला प्रजननासाठी देता येते. १९९२ साली राज्याचा विक्रम, १८.१८ पौंड, याच तलावात झाला. सगळे खात बसले असते तर तिथे आज काय उरलं असतं? मुळशीकरांचा तिलापिया.

मुळशीकर

माझं नाव यात ओढू नका. आमच्याकडचे मासे गळवाल्यांनी खाऊन संपवले नाहीत. सांडपाणी, वाळूउपसा आणि सुरुंग लावणारे यांनी संपवले. गळाने दिवसभरात मिळतात किती?

खाडीकाठ

+१०० मुळशीकर.

सेंटक्लेअरवाली

सोडणाऱ्यांची बाजू घेणार होते, पण ट्रिनिटीकाठी, वसंतात तुम्ही घरट्यावरचे बास पकडता की नाही ते सांगा. पाणी साठ फॅरनहाइटच्या वर गेलं की नर उथळ पाण्यात तळ साफ करून घरटं करतो, मादी अंडी घालून जाते, नर राखण करत बसतो. त्याला तुम्ही भूक म्हणून नाही, राग म्हणून चावायला लावता. फोटो होईपर्यंत ब्लूगिल घरट्यात घुसतात. मासा परत सोडलात, अंडी गेली. आमच्याकडे सेंट क्लेअरवर जूनच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत बास ठेवता येत नाही, पण पकडून लगेच सोडायला बारा महिने मुभा आहे. त्या मुभेचा काहीजण कसा वापर करतात ते मी दर मे महिन्यात बघते.

ट्रिनिटीकाठी

पकडतो. कायदेशीर आहे. टेक्सासमध्ये अंडी घालण्याचा काळ लांबतो, सगळे मासे एकाच वेळी घरट्यावर नसतात.

सेंटक्लेअरवाली

‘कायदेशीर आहे.’ एवढंच ऐकायचं होतं.

ट्रिनिटीकाठी

मग काय घरी बसू? मार्च हाच तर महिना आहे! तुम्हाला स्मॉलमाउथ वर्षात पाच महिने, बाकी बर्फ, त्याचा राग आमच्यावर काढू नका.

एक शाकाहारी

दोन्ही बाजूंना साष्टांग नमस्कार. एक म्हणतो मारून खातो म्हणून मी चांगला, दुसरा म्हणतो टोचून सोडतो म्हणून मी चांगला. माशाचा प्रतिसाद आला की कळवा. (हलकंच घ्या.)

खाडीकाठ

हलकंच घेतलं. पण तुमच्या ताटातल्या भाताच्या शेतात किती खेकडे औषध मारून मेले त्याचा हिशेब नंतर करू. आत्ता डॅलसशी बोलतोय.

डॅलस, सोडायचं ते कायद्याने आणि तलाव टिकावा म्हणून, इथवर पटलं. मोठी मादी सोडणं तर आम्हीही समजू शकतो. जिताड्यात लहानपणी सगळे नर, मोठे होऊन मादी होतात, म्हणजे मोठा जिताडा काढला की अंडीच काढली. बाप हे वेगळ्या शब्दांत सांगायचा, आणि मोठा मिळाला की तरी आणायचा. पण ‘ताटातल्या माशाचं कौतुक सांगू नका’ हे वाक्य मागे घ्या. आमच्या घरी त्या ताटावर दिवस गेलेत.

ट्रिनिटीकाठी

ताटाचं वाक्य मागे. ‘दुकानं पकडतात’ हे तुम्ही घ्या.

खाडीकाठ

ते राहू द्या. तुम्हीच रंगांबद्दल लिहून माझं काम केलंत.

एक विचारायचं होतं. तो टोक लपवलेला गळ. आमच्या खाडीत तिवरांच्या मुळांशी जिताडा असतो आणि दरवेळी गळ मुळात जातो. कितव्या नंबरचा वापरता? घेणार नाहीये, माहितीसाठी.

ट्रिनिटीकाठी

४/० ऑफसेट, म्हणजे मानेशी वाकवलेला, रुंद पोटाचा. बासला पुरतो, जिताड्याला जाड तारेचा घ्या, नाहीतर सरळ होईल. आणि लीडर जाड लावा, त्याच्या गालाची पाती धारदार असतात, पातळ लाइन कापून टाकतात.

सेंटक्लेअरवाली

स्पिनिंग रीलवर लावा. तिवरांच्या फांद्यांखालून आडवं फेकायला तेच सोपं.

ट्रिनिटीकाठी

झालं सुरू.

खाडीकाठ

जिताड्याच्या गालाचं मला सांगताय? अंगठा बघा माझा. गळाचा नंबर मिळाला, तेवढं पुरे. रील नको, तंगूस आहे.