आडनावातला प्राणी खरा किती?

मोरपीस :
वाघ, कोल्हे, लांडगे, ससाणे, कावळे, मोरे, साळुंखे, घोरपडे. माझ्या मते ही सगळी मुळात कुळचिन्हं. लग्नात देवक बसवतात तिथे पुरावा दिसतो: मोऱ्यांकडे मोराचं पीस, साळुंख्यांकडे साळुंकीचं. गावांचंही तेच. वाघोली, मोरगाव, नागपूर, कोल्हापूर. जनावर दिसलं, नाव पडलं.

पदच्छेद :
आठही एका माळेत ओवू नका. आडनाव बहुधा आदरार्थी अनेकवचनात असतं. कोल्हा-कोल्हे, लांडगा-लांडगे, ससाणा-ससाणे, कावळा-कावळे, इथपर्यंत ठीक. वाघाचं अनेकवचन वाघच, म्हणून आडनावही वाघ. आता मोराचं अनेकवचन सांगा. मोरच ना? मग 'मोरे'तला ए कुठून आला? मौर्य, प्राकृतात मोरिय, त्यावरून मोरे. साळुंखेही चालुक्यांवरून. साम्य कानाला लागलं आणि पक्षी मागाहून येऊन बसला. देवकाचं पीस त्यानंतरचंही असू शकतं.

मोरपीस :
तुमच्या नियमाने घोरपडेही बाद. घोरपड स्त्रीलिंगी, अनेकवचन घोरपडी. पण मुधोळच्या घराण्याची परंपरा सांगते की घोरपडीच्या मदतीने गड चढल्याबद्दल हा किताब मिळाला. म्हणजे 'घोरपडवाला' या अर्थी ए लागला. मोराला तो का लागू नये? आणि पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथांची परंपरा मोरिय हे नावच मोराशी जोडते. पुढच्या दाराने हाकललेला मोर मागच्या दाराने परत!

पदच्छेद :
पाली परंपरेचा मुद्दा मान्य. नियम एवढंच सांगतो की रूप जुळलं तर प्राणी शक्य आहे, नाही जुळलं तर दुसरी वाट शोधा. पण किताबाची कथा आडनावानंतर रचलेली असू शकते, हे धरूनच चाला.

शिवेचा दगड :
गावांबद्दल. आधी शेवटचा तुकडा सोडवा. वाघोलीतली 'ओली' म्हणजे पल्ली, म्हणजे वस्ती, डोंबिवलीतल्या 'वली'सारखीच. तो काढला की वाघ उरतो, इथे तो खरा. नागपूरला नाव दिलं नाग नदीने, तिथे साप थेट नाही. कोल्हापूरचं रूप शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत 'कोल्लापूर' असं आहे, त्यात कोल्हा कुठून आणणार? भाविक तर कोल्हासुराची कथा सांगतात. क्रम असा ठेवा: सर्वांत जुनं लिखित रूप, मग गावातल्या म्हाताऱ्यांचा उच्चार, मग नदी, झाड, दैवत. प्राणी शेवटी.
रोमन नकाशावरून उलटं देवनागरीत आणाल तर फसाल. तिथे ल-ळ, न-ण, अ-आ एकच होतात. बगळे, बागळे, बागले एकाच स्पेलिंगात बसतात.

मोरपीस :
म्हातारे तर हमखास कथाच सांगतात!

शिवेचा दगड :
कथा सोडा, उच्चार घ्या.

काना_मात्रा :
मांजरेकरांना मांजर चिकटवू नका. 'कर' लागला की आडनाव गावाचं. मांजर शोधायचंच तर मांजऱ्यात जाऊन शोधा.
जाता जाता: गाढवे, डुकरे बदलून घेणारे आहेत, पण मुलाचं नाव शौनक हौसेने ठेवतात. शुनक म्हणजे कुत्रा. कश्यप म्हणजे कासव. संस्कृतात असलं की चालतं.

पदच्छेद :
शौनक म्हणजे शुनकाचा वंशज, खुद्द कुत्रा नव्हे.

काना_मात्रा :
म्हणजे पिल्लू. बरं.