लिंकनच्या तुरुंगाचा इतिहास एका पलायनापुरताच सांगावा काय?

धागालेखक
न्यू मेक्सिकोतील लिंकन गावात काउंटीचे जुने न्यायालय व तुरुंग आज संग्रहालय म्हणून उभे आहे. तिथे जाणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रसंग शोधत जातो. तो प्रसंग २८ एप्रिल १८८१ चा आहे. फाशीची शिक्षा झालेला बिली द किड, म्हणजे विल्यम बॉनी, त्या दिवशी दोन पहारेकऱ्यांना ठार करून वरच्या मजल्यावरून निसटला. माझ्या मते या प्रसंगाने इमारतीचा खरा इतिहास झाकून टाकला आहे.

मुळात ती तुरुंगासाठी बांधलेलीच नव्हती. १८७३-७४ मध्ये लॉरेन्स मर्फी याने ती दुकान म्हणून उभारली आणि लोक तिला नुसते ‘द हाउस’ म्हणत. फोर्ट स्टँटनच्या लष्करी ठाण्याला आणि मेस्कलेरो अपाची या आदिवासींसाठीच्या सरकारी एजन्सीला मांस व पीठ पुरवण्याची कंत्राटे, शिवाय आसपासच्या शेतकऱ्यांची उधारी, असा सगळा व्यवहार मर्फी आणि त्याचा भागीदार जेम्स डोलन यांच्या हाती होता. जॉन टन्स्टॉल या तरुण इंग्रजाने त्याच रस्त्यावर दुसरे दुकान थाटले, तेव्हा फेब्रुवारी १८७८ मध्ये त्याचा खून झाला, आणि तोही शेरीफ विल्यम ब्रॅडीच्या नावाने निघालेल्या पथकातील माणसांकडून. १ एप्रिलला टन्स्टॉलच्या माणसांनी ब्रॅडीला भर रस्त्यात गोळ्या घातल्या. पुढे ‘द हाउस’चे दिवाळे निघाले, काउंटीने ती इमारत विकत घेतली आणि ब्रॅडीच्या खुनाबद्दल दोषी ठरलेल्या बॉनीला तिथेच कोंडले. ज्या दुकानापायी भांडण पेटले, त्याच दुकानात टन्स्टॉलचा माणूस फाशीची वाट पाहत होता. हा योगायोग मला पलायनाहून अधिक बोलका वाटतो.

प्रतिसाद १ (असहमत)
आपण दिलेला क्रम बरोबर आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. काउंटीचे मुख्य ठिकाण १९१३ मध्ये कॅरिझोझोला गेले आणि इमारतीचे मूळ काम संपले. कच्च्या विटांच्या भिंतींची निगा राखली नाही, तर पाऊस त्या हळूहळू विरघळवतो. १९३० च्या दशकात ही इमारत दुरुस्त करून जपली गेली ती बॉनीच्या नावामुळे. मर्फीची खातेवही पाहायला तिथवर कोण आले असते?

शिवाय पलायनाच्या तपशिलातूनच तुरुंगाची अवस्था कळते. शेरीफ पॅट गॅरेट करवसुलीसाठी व्हाइट ओक्सला गेला होता. पहारेकरी रॉबर्ट ऑलिंजर इतर कैद्यांना जेवायला रस्त्यापलीकडच्या वर्टली हॉटेलात घेऊन गेला होता, म्हणून बॉनीजवळ दुसरा पहारेकरी जेम्स बेल एकटाच उरला. बेल जिन्यात मारला गेला. गोळीचा आवाज ऐकून धावत आलेल्या ऑलिंजरला बॉनीने खिडकीतून त्याच्याच बंदुकीने टिपले. त्यानंतरही बॉनी बराच वेळ तिथेच होता, आणि बेडी तोडायला त्याला गॉडफ्री गॉस या वृद्ध कामगाराने कुदळ आणून दिली. गावाने त्याला अडवले नाही, हा इतिहास नव्हे काय?

धागालेखक
इतिहास आहेच, पण तो एकट्या नायकाच्या शौर्याचा म्हणून सांगितला जातो, तिथे माझा आक्षेप आहे. कैदी वरच्या मजल्यावर का ठेवला होता, ते पाहा. काउंटीचा तुरुंग म्हणजे १८७७ मध्ये जमिनीत खोदलेला, आतून लाकडाने मढवलेला एक खड्डा होता. तिथे शिडीने उतरावे लागे आणि वर पहारेकऱ्यांची खोली होती. तो बांधला त्याच वर्षी, नोव्हेंबरात, जेसी इव्हान्स आणि त्याचे साथीदार त्यातून पळाले. १८७९ मध्ये गव्हर्नर लू वॉलेसशी माफीबद्दल बोलणे होऊन साक्ष देण्यासाठी बॉनी स्वतःहून कैदेत आला आणि माफी मिळत नाही असे दिसताच जूनमध्ये सरळ चालता झाला. न्यू मेक्सिकोचा सुमारे पाचवा हिस्सा व्यापणाऱ्या काउंटीजवळ एक धड कोठडी नव्हती. अशा ठिकाणी पळणे ही रीतच होती.

प्रतिसाद २
दोघेही बेलला विसरत आहात. बॉनीला शौचकूपात लपवलेले पिस्तूल सापडले, असे काही जण मानतात. त्याने बेड्यांनी बेलच्या डोक्यावर घाव घालून त्याचेच पिस्तूल हिसकावले, असे इतर जण मानतात. हा वाद १४० वर्षे रंगला, पण बेल कोण होता हे विचारणारे थोडे. डिसेंबर २०१० मध्ये गव्हर्नर बिल रिचर्डसन यांनी बॉनीला मरणोत्तर माफी नाकारली, तो निर्णय मला योग्य वाटतो. वॉलेसने शब्द पाळला नसेलही, पण त्याची किंमत बेलने का मोजावी?

प्रतिसाद १
बेलबद्दलचे मान्य. मात्र मर्फी-डोलन आणि टन्स्टॉल यांच्या गटांतील त्या लढ्यात दोन्ही बाजूंच्या कित्येकांवर आरोप ठेवले गेले आणि शिक्षा एकट्या बॉनीला झाली. डोलन तर पुढे टन्स्टॉलच्याच दुकानाचा मालक झाला. तेव्हा धागालेखकांनी दुकानाचा गल्ला जरूर दाखवावा, त्याला माझा विरोध नाही. फक्त लोकांना आधी तो जिना पाहू द्यावा, कारण ते त्यासाठीच आलेले असतात.