मदत हवी आहे: आरसी फॉर्म्युला गाडीला कार्पेटसाठी मागचे टायर कुठले? (आज रात्री यादी द्यायची आहे)

राजवाडा_एक्सप्रेस:
नमस्कार मंडळी. वेळ नाही म्हणून थोडक्यात लिहितो. माझ्याकडे टामियाची एफ-१०४ आहे, रिमोटवर चालणारी छोटी फॉर्म्युला गाडी. कार्पेटवर मागून सटकते. गेल्या रविवारी सहा मिनिटांच्या हीटमध्ये ११ वेळा गिरकी घेतली. मोजायला माझा मुलगा होता आणि त्याने प्रत्येक आकडा हॉलभर ऐकू जाईल असा मोजला. भाचा शनिवारी सिंगापूरहून येतोय, त्याला आज रात्री यादी पाठवायची आहे. मागचे टायर कुठले सांगू? नुसतं नाव दिलंत तरी चालेल. शिवाय १७.५ ची मोटर (आकडा वेढ्यांचा, कमी वेढे म्हणजे जास्त ताकद) मागवू का, तेही सांगा. जुने धागे वाचून झालेत, "आधी शोधा" म्हणू नका.

टीबार:
सध्या रबर आहेत की फोम? मोटर कुठली? कार्पेट कुठलं? टायरला काही लावता का? पुढची-मागची उंची किती? हे कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे नाडी न बघता काढा देणं.

राजवाडा_एक्सप्रेस:
कार्पेट म्हणजे कार्पेट हो. मागे फोम, पुढे रबर. मोटर २१.५, टू-एस लायपो (दोन सेलची लिथियम बॅटरी). उंची मोजलेली नाही, डोळ्यांना ठीक दिसते.

फोमवाले_काका:
पुढे रबर आणि मागे फोम! ही खिचडी कोणी शिजवली? कार्पेटवर चारही चाकं फोमचीच हवीत. आम्ही १२व्या स्केलच्या पॅन गाड्या चालवायचो तेव्हा रबर हा शब्दही कोणी काढत नसे. फोम कार्पेटला चिकटतो, वळणात दुमडत नाही आणि रिमवर चिकटवूनच येतो, त्यामुळे फेविक्विकने बोटं चिकटवून घ्यायची भानगड नाही. चारही फोम मागवा, पुढे थोडा कडक, मागे मऊ. विषय संपला.

मीटर_गेज:
काका, विषय तिथेच तर सुरू होतो. फोम झिजतो. मागचं चाक ६० मिमीचं ५६ झालं की गाडीची मागची बाजू २ मिमी खाली बसते, आणि मोटरच्या एका फेऱ्यात गाडी जेवढी पुढे जायची ते अंतर साधारण पावणेसात टक्क्यांनी घटतं. मग दर दोन रविवारी पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) बदला, मागचे बेअरिंगचे स्पेसर बदला. फोम एकसारखा घासून घ्यायला लेथ लागतो, तो इथे किती जणांकडे आहे? आमच्या बडोद्याच्या ग्रुपमध्ये एकाकडेही नाही. रबर लावा: रायड, व्होलांटे, शिमिझू, यांपैकी जे मिळेल ते. चारही एकाच कंपनीचे.

फोमवाले_काका:
लेथ कशाला? फळीला सँडपेपर चिकटवायचा, गाडी ठोकळ्यावर ठेवायची, हळू थ्रॉटल द्यायचा आणि फळी टेकवायची. चाळीस वर्षांत माझं अडलेलं नाही.

मीटर_गेज:
म्हणूनच तुमची चाकं शंकूच्या आकाराची असतात.

टीबार:
दोघंही जरा थांबा. राजवाडा, "कार्पेट म्हणजे कार्पेट" नसतं. नीडल-फेल्ट आहे की घरात घालतात तसं लवदार? खाली काय आहे?

राजवाडा_एक्सप्रेस:
सांगतो. इंदूरला विजयनगरच्या पुढे एका मॅरेज गार्डनचा हॉल आहे. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणून मालक रविवारी दुपारी स्वस्तात देतो. कार्पेट टेंट हाऊसचं, तेच हिरवं, वऱ्हाडाच्या पायाखाली घालतात ते. खाली टाइल्स. तुळशीचं लग्न लागलं की हॉल गेला, म्हणून घाई आहे. बस, आता टायर सांगा.

सियागंज:
भिया, मी त्याच हॉलमध्ये येतो. ते कार्पेट नवीन असताना चांगली पकड देतं, पण त्याचा कापूस फार सुटतो. दोन हीट झाल्या की टायरवर हिरवी बुरशी धरल्यासारखं दिसतं. प्रत्येक हीटआधी चाकं रुंद चिकटपट्टीवर दाबून फिरवा, सगळा कापूस पट्टीवर येतो. मागच्या अॅक्सलवर आणि स्परमध्येही (तिथल्या मोठ्या दातेरी चाकात) तो गुंडाळला जातो, चिमट्याने काढा. आणि टायरला काय लावता हे अजून सांगितलं नाहीत.

राजवाडा_एक्सप्रेस:
डब्ल्यूडी-४०.

सियागंज:
म्हणजे दारापाशी जो काळा डाग पडलाय तो तुमचा! मालकाने मला झापलं त्यावरून. बिनवासाचं टायर सॉस (पकड वाढवायला टायरला लावतात ते द्रव) वापरा, लावल्यावर दहा मिनिटं मुरू द्या आणि ट्रॅकवर न्यायच्या आधी पुसा. पुसायचं राहिलं की गाडी पहिले दोन लॅप बर्फावर असल्यासारखी चालते. मागच्या चाकांना पूर्ण रुंदीला, पुढच्या चाकांना आतल्या अर्ध्या भागालाच. पुढे पूर्ण लावलं की नाक जास्त पकडतं आणि मागचं सुटतं. तुमचं अर्धं दुखणं तिथेच असेल.

फोमवाले_काका:
आमच्या वेळी विंटरग्रीनचं सॉस असे. हॉलभर पाठदुखीच्या मलमाचा वास. आता बऱ्याच ठिकाणी बंदी आहे म्हणे. मजा गेली.

व्होल्ट_साहेब:
टू-एस लायपो ८.४० व्होल्टच्या वर चार्ज करू नका. वन-सी ने, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेएवढ्याच करंटने, चार्ज करा. ठेवून द्यायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ च्या आसपास. फुगलेली बॅटरी वापरू नका. भाच्याकडून बॅटरी मागवत असाल तर ती चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिन बॅगेत टर्मिनल झाकून आणायला सांगा. ज्वलनशील सॉस तर विमानात नाहीच.

राजवाडा_एक्सप्रेस:
बॅटरीबद्दल मी काहीच विचारलेलं नाही. पण सॉसचं बरं झालं सांगितलंत, तो यादीत होता.

सौ_चौकस:
धागा वाचून उत्सुकता वाटली. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला अशी गाडी द्यावी का? पावसाळ्यात गच्चीवर चालेल का?

मीटर_गेज:
ताई, ही गाडी जमिनीपासून ४ मिमी वर चालते, गच्चीवरच्या पहिल्याच खड्यात नाक मोडेल. त्याला मोठ्या चाकांची बग्गी घ्या. वेगळा धागा काढलात तर तिथे लिहितो.

जाजम:
अवांतर: "कार्पेट" कशाला? गालिचा, जाजम, सतरंजी असे किती सुंदर शब्द आहेत. होळकरांच्या गावात तरी जाजम म्हणा.

सियागंज:
जाजमावर गाडी चालवून दाखवा, दोरे अॅक्सलमध्ये जातात.

टीबार:
मुद्द्यावर येऊ. राजवाडा, एक प्रश्न. गिरकी डावीकडे वळताना की उजवीकडे? की दोन्हीकडे?

राजवाडा_एक्सप्रेस:
वळताना. थ्रॉटल दिला की.

टीबार:
कुठल्या बाजूला वळताना?

राजवाडा_एक्सप्रेस:
मुलाला विचारलं. तो म्हणतो अकरापैकी नऊ उजवीकडे. डावीकडे उलट गाडी वळतच नाही, रुंद जाते. ते मी सर्व्होचं ट्रिम (चाकं वळवणाऱ्या मोटरचं सेटिंग) चुकलंय असं समजत होतो. पण आमच्या ट्रॅकवर उजवी वळणं कमीच आहेत.

टीबार:
उजवी वळणं कमी असून नऊ वेळा! हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. मग हा टायरचा प्रश्न नाही. टायर वाईट असते तर दोन्हीकडे वाईट असते. गाडीला पीळ आहे.

आता हे करा. काचेच्या टीपॉयवर गाडी ठेवा, बॅटरी आत असू द्या, बॉडी काढा. पुढे नाकाखाली, अगदी मध्यरेषेवर, पातळ पातं किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून सावकाश उचला. दोन्ही पुढची चाकं एकदम सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर त्या कोपऱ्यावर वजन कमी आहे. तुमच्या गाडीत उजवं आधी सुटेल अशी माझी पैज. कारण पीळ कर्णात बसतो: डावं पुढचं आणि उजवं मागचं जड, उरलेली दोन हलकी. उजवीकडे वळताना सगळा भार डाव्या बाजूवर जातो. डावं पुढचं आधीच दाबलेलं, ते कार्पेटमध्ये रुततं. डावं मागचं हलकं, ते सुटतं. झाली गिरकी. डावीकडे वळताना नेमकं उलट, म्हणून रुंद जाते.

फोमवाले_काका:
फोम असता तर पीळ असूनही तरला असता.

मीटर_गेज:
काका, मागे फोमच आहे!

राजवाडा_एक्सप्रेस:
उजवं आधी सुटलं. चांगलं दोन-तीन मिमी. आता काय मागवू?

टीबार:
मागवू नका, आधी बघा. बॅटरी कशाने बांधता? पट्टी करकचून ओढली की चासी वाकते. बॅटरी काढून पुन्हा उचला. फरक पडला तर बॅटरीची पट्टी, नाही पडला तर टी-बार, म्हणजे चासीला मागची पॉड (मोटर आणि मागची चाकं बसवलेला भाग) जोडणारी लवचीक पट्टी. मागची पॉड या एकाच पट्टीवर डावी-उजवी डोलते, तिच्यात बिघाड झाला की वर घर्षणाच्या डँपरला कितीही ग्रीस लावा, काही होत नाही. गाडी सेकंड-हँड आहे का?

राजवाडा_एक्सप्रेस:
हो, पुण्याहून घेतली. मधे खांबाला एकदा धडकली होती, पण तेव्हा फक्त पुढचा विंग तुटला. बॅटरी काढून बघितलं, काही फरक नाही.

सियागंज:
"फक्त विंग". टी-बारची पट्टी काढून दिव्यासमोर धरा.

राजवाडा_एक्सप्रेस:
काढली. मागच्या स्क्रूच्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी भेग आहे. पट्टी चासीवर असताना ती दिसणं शक्यच नव्हतं. जोडताना एका बाजूचा स्क्रू दुसऱ्यापेक्षा जास्त कसलेलाही होता, तोही बहुतेक माझाच पराक्रम. भाच्याला टी-बार लिहिला. पण शर्यत त्याच्या येण्याच्या दुसऱ्याच दिवशी, आणि त्याला दुकानात जायला जमेल की नाही ठाऊक नाही. तोपर्यंत काय करू?

सियागंज:
पॅनेल बनवणाऱ्यांकडे ग्लास एपॉक्सीची शीट मिळते, स्विचबोर्डाच्या मागे लावतात ती. आमच्या सियागंजात तुकडा मागितला तर वजनावर देतात. जुन्या पट्टीला कॅलिपर लावून तीच जाडी घ्या, जाड घेतली की गाडी कडक होते आणि मग मागचं आणखी सुटतं. जुनी पट्टी वर ठेवून भोकं मारकरने उतरवा, आधी भोकं पाडा, मग कडा कापा. कडा पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासा आणि तोंडाला मास्क बांधा, ती धूळ छातीत जाऊ देण्यासारखी नाही. आतले कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपऱ्यातूनच भेग सुरू होते.

मीटर_गेज:
आणि १७.५ ची मोटर विसरा. सटकणाऱ्या गाडीला जास्त ताकद म्हणजे जास्त गिरक्या. त्या पैशांत मागचे दोन रबर टायर येतील. ते रिमवर नीट चिकटवा, आतली कड सुटली तरी गाडी एकाच बाजूला वेड्यासारखी वागते.

फोमवाले_काका:
किंवा पुढचे दोन फोम.

टीबार:
एवढ्यावर दोघांचं एकमत आहे की पुढे-मागे एकच जात हवी. नारायण कार्तिकेयन २००५ साली जॉर्डनमध्ये होते, त्या वर्षी इंडियानापोलिसला एका कंपनीच्या टायरवाल्या सगळ्या गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर आत गेल्या आणि सहाच धावल्या. कार्तिकेयन चौथे आले. टायरचं महत्त्व मी नाकारत नाही, इथे दुखणं टायरचं नव्हतं एवढंच.

जाजम:
कार्तिकेयन चौथे आले यात कौतुक काय, सहाच तर होत्या.

मीटर_गेज:
कौतुक असं की भारतीय ड्रायव्हरला फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळाले. पण हा धागा त्याचा नाही.

राजवाडा_एक्सप्रेस:
अपडेट. भाच्याला टी-बार मिळाला नाही, रबर टायर मिळाले. पट्टी सियागंजातल्या शीटची केली, भोकं पाडायला साडेतीन तास लागले, त्यातलं एक तिरपं आहे. काचेवर दोन्ही चाकं आता जवळपास एकदम सुटतात. उंची शेवटी मोजली, मागे अडीच मिमी निघाली, "डोळ्यांना ठीक" वगैरे मागे घेतो. स्पेसर टाकून चार केली. पुढच्या चाकांना सॉस अर्ध्या रुंदीला. दारापाशीचा डाग मालकाला कबूल केला, त्याने पुढच्या रविवारचं भाडं वाढवलं.

हीटमध्ये ३ गिरक्या. त्यातल्या दोन टाइल्सच्या सांध्यावर. तिसरी माझी.

फोमवाले_काका:
फोम असता तर शून्य.

सौ_चौकस:
हॉल कुठे आहे तो? आम्ही सुदामानगरला राहतो. येऊन नुसतं बघितलं तर चालेल का? मुलगा मोजायला तयार आहे.

सियागंज:
या की. दुपारी दोनला. पण मोजायची जागा भरलेली आहे, त्याला कोपऱ्यात उलटलेल्या गाड्या सरळ करायला उभं करू.