स्तंभालेख की आयतालेख? (पायथनमधील आलेखांच्या निमित्ताने)

प्रश्न: पायथन ही संगणकभाषा आणि तिच्यातील मॅटप्लॉटलिब हा आलेख काढण्याचा आज्ञासंच वापरून साधे आलेख कसे काढावेत, यावर विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणे लिहीत आहे. 'बार चार्ट' आणि 'हिस्टोग्राम' या दोन्हींत उभे खांबच दिसतात, तेव्हा दोन्हींना 'स्तंभालेख' म्हटले तर चालेल का? तसेच 'अ‍ॅक्सिस' आणि 'अ‍ॅक्सेस' यांच्यासाठी वेगळे शब्द सुचवावेत.

उत्तर: एकच शब्द चालणार नाही, आणि नवा घडवण्याचीही गरज नाही. शालेय पाठ्यपुस्तकांत बार चार्टला 'स्तंभालेख' आणि हिस्टोग्रामला 'आयतालेख' हे शब्द रुळलेले आहेत. स्तंभालेखात प्रत्येक स्तंभ स्वतंत्र गोष्टीचा असतो. पुणे, सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांचा पाऊस दाखवताना स्तंभांचा क्रम बदलला तरी अर्थ बिघडत नाही. आयतालेखात मात्र क्ष-अक्षावर सलग वर्ग (०–१०, १०–२० असे संख्यांचे गट) असतात, म्हणून आयत एकमेकांना चिकटून येतात आणि त्यांची अदलाबदल करता येत नाही. मॅटप्लॉटलिबही हा भेद पाळते: स्तंभालेख काढणाऱ्या 'बार' या फलनात (फंक्शनमध्ये) स्तंभाची रुंदी काही न सांगता ०.८ धरली जाते, त्यामुळे शेजारच्या स्तंभांत फट राहते. आयतालेख काढणाऱ्या 'हिस्ट' या फलनात ती राहत नाही. (शोभेसाठी आयतांमध्ये मुद्दाम फट ठेवण्याची हौस अनेकांना असते, ती टाळलेली बरी.)

याहून महत्त्वाचा फरक असा, की 'बार'ला आपण आधीच मोजलेल्या संख्या देतो, तर 'हिस्ट' कच्ची सामग्री घेऊन वारंवारता, म्हणजे प्रत्येक वर्गात किती निरीक्षणे येतात ते, स्वतः मोजते. चार वर्गांच्या ४, ११, ९, ६ या तयार वारंवारता कोणी 'हिस्ट'ला दिल्या, तर ते फलन त्यांना चार निरीक्षणे समजते, ४ ते ११ या अंतराचे ठरलेले दहा भाग पाडते आणि १ उंचीचे चार आयत काढून मोकळे होते. चूक दाखवणारा संदेश येत नाही, म्हणून दोन्हींना एकच नाव दिलेल्या टिपणांतून हा घोळ विद्यार्थ्याच्या ध्यानात येणे कठीण आहे.

पुरवणी: वर्गमर्यादांबाबतही एक खुलासा टिपणांत असावा. असमावेशक पद्धतीत १०–२० या वर्गात २० धरत नाहीत, आणि 'हिस्ट'ही तसेच करते. पण शेवटच्या वर्गाची वरची मर्यादा ते त्याच वर्गात मोजते. त्यामुळे शंभरपैकी गुणांचे ० ते १०० असे दहा वर्ग केले, तर १०० गुण ९०–१०० मध्येच पडतात. हाताने केलेल्या सारणीत त्यांच्यासाठी पुढचा वर्ग लागला असता.

दुसरे उत्तर: 'अ‍ॅक्सिस'ला 'अक्ष' हा शब्द आहेच. 'अ‍ॅक्सेस' म्हणजे मात्र अनेक अक्ष नव्हेत, तर अक्ष, शीर्षक आणि रेषा-ठिपके ज्यावर येतात तो संपूर्ण भाग होय, आणि एका आकृतीत असे अनेक भाग असू शकतात. त्याला 'आलेखक्षेत्र' म्हणावे. 'चौकट' हा शब्द सुटसुटीत वाटतो खरा, परंतु त्या भागाच्या कडेच्या चार रेषांना मॅटप्लॉटलिबमध्ये 'स्पाइन्स' हे वेगळे नाव आहे, आणि 'चौकट' त्यांनाच अधिक शोभते.